वीस मिनिटांत दोन हजार पावले

माझी सारी नोकरी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये झाली आणि तिच्यातली बरीच वर्षे छापून आलेल्या कागदांतले दोष शोधण्यात गेली. त्या कामाने माणसाला दोन खोडी लागतात. समोर दिसेल ते तो मोजत बसतो आणि कोणी काही सांगितले तर त्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीत, सूनबाईंनी लहान मुलांना घोड्यावर बसवून उपचार करतात असे वाचल्याचे सांगितले, तेव्हा मी चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडले. या उपचाराला हिप्पोथेरपी म्हणतात हे कळल्यावर माझ्या धाकट्या भावाने "म्हणजे पोराला पाणघोड्यावर बसवणार की काय?" असे विचारून सगळ्यांना हसवले. पुढे शोध घेतल्यावर लक्षात आले की त्याचा विनोद अगदीच हवेतला नव्हता. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा आणि 'पोटामोस' म्हणजे नदी. ग्रीकांचा नदीतला घोडा तोच आपला पाणघोडा. आपल्याला हवा होता तो मात्र कोरड्या जमिनीवरचा.

नातू सात वर्षांचा आहे. तो एकतिसाव्या आठवड्यातच जन्मला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूत द्रवाने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो आणि पायांकडे आज्ञा नेणारे तंतू नेमके त्याच कडेने जातात. तिथे इजा झाली की हातांपेक्षा पायांवर परिणाम अधिक होतो. त्याच्या फाइलवर 'सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया' असे लिहिलेले आहे. बुद्धी तल्लख, बोलणे स्वच्छ, हातही बऱ्यापैकी चालतात. पण मांड्यांचे आतले स्नायू इतके ताठ की उभे केले की गुडघे एकमेकांवर आदळतात आणि पाय कात्रीसारखे एकावर एक पडतात. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, मूल मात्र वाढते, हाडे लांब होतात आणि ताठ स्नायू त्यांच्या मागे पडत जातात. म्हणून व्यायाम हा आमच्या घरात आंघोळीइतकाच रोजचा विषय आहे, आणि त्याचा कंटाळाही आंघोळीइतकाच जुना आहे.

घोड्याचा विषय निघाल्यावर आप्तांनी आपापल्या परीने मदत केली. एका मेहुण्यांनी ओळखीच्या वरातीच्या घोडीवर त्याला फिरवून आणण्याचा प्रस्ताव मांडला. बँडच्या आवाजाला सरावलेली ती घोडी गरीब होती, यात शंका नाही. पण झालर लावलेल्या खोगिरावर ताठ मांड्यांचे मूल बसवले की ते घसरते, घाबरते आणि अधिकच ताठ होते, हे पाच मिनिटांतच कळले. त्यानंतर आम्ही शहराबाहेरच्या एका ठिकाणी गेलो. तिथे तीन महिन्यांत मूल चालायला लागेल असे सांगून बारा बैठकांचे पैसे एकदम मागितले. फिजिओथेरपिस्ट कोण आहेत, असे विचारल्यावर उत्तर आले की घोडा हाच थेरपिस्ट. घोडा मागच्या डाव्या पायाने लंगडत होता. आम्ही चहा घेऊन परत आलो.

ज्या पागेत आम्ही अखेर स्थिरावलो ती गंगापूर धरणाच्या अंगाला, एका द्राक्षबागेच्या मागे आहे. पाच जनावरे, एक गोल रिंगण, एक उताराचा ओटा आणि कडुनिंबाखाली चार खुर्च्या, एवढाच पसारा. रविवारी सकाळी सातला आम्ही पोहोचतो, तेव्हा हिवाळ्यात बागेवर धुके असते आणि मिसळ खायला निघालेल्यांच्या गाड्या अजून सुरू झालेल्या नसतात. फिजिओथेरपिस्ट ताई वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत आणि मला काका म्हणतात. घोडी ज्यांच्या ताब्यात असते त्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. तेव्हा मीही मामा म्हणतो, जरी ते माझ्याहून चार वर्षांनी लहान असले तरी.

पहिल्या दिवशी मला आश्चर्य वाटले ते खोगीर नसल्याचे. घोडीच्या पाठीवर जाड नमदा आणि त्यावर दोन कड्यांचा रुंद पट्टा, बस्स. रिकिबीही नाहीत. ताईंनी कारण सांगितले ते पटले. घोड्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून थोडे अधिक असते. ती ऊब आणि पाठीची हालचाल थेट मुलाच्या मांड्यांपर्यंत पोहोचायला हवी आणि मध्ये चामड्याचे खोगीर आले की दोन्ही अडतात. मुलाला घोडीवर बांधत मात्र नाहीत. जनावर बिचकले किंवा पडले तर बांधलेले मूल त्याच्याबरोबर जाईल, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालतो, तिसरा घोडी धरतो आणि चौथ्या ताई स्वतः असतात. डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचे, मग रिंगणातल्या रिंगणात फिरायचे असले तरीही.

मी खुर्चीत बसलो आणि सवयीप्रमाणे मोजू लागलो. अर्ध्या मिनिटात घोडीची ५१ पावले पडली; पुन्हा मोजली तेव्हा ५०. म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास आणि वीस मिनिटांच्या बैठकीत जवळजवळ दोन हजार. हा आकडा मी ताईंना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही नेमकं तेच मोजलंत."

घोडा चालतो तेव्हा त्याचा मागचा पाय पुढे येतो, जमिनीवर टेकतो आणि शरीर पुढे ढकलतो. या प्रत्येक पावलाबरोबर पाठीवर बसलेल्या माणसाचे कंबरेखालचे हाड पुढे-मागे कलते, एका बाजूला झुकते आणि किंचित वळतेही. एकाच वेळी तिन्ही दिशांना. निरोगी माणूस स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा त्याच्या कंबरेची हालचाल बरीचशी अशीच होते. जे मूल कधी नीट चाललेलेच नाही, त्याच्या मेंदूला चालण्याची ही चव ठाऊक नसते. जमिनीवर त्याला ती देण्याचा प्रयत्न केला तर पाय आड येतात. घोडीवर पायांना काम नसते, ते दोन्ही बाजूंना फाकून लोंबतात, आणि कंबर तेवढी चालते. तिच्यामागून धड सावरायला शिकते, धडामागून मान. ताई घोडीला मध्येच थांबवतात, पुन्हा चालवतात, कधी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवतात, कधी पाऊल लांब टाकायला लावतात, तर कधी नातवाला शेपटीकडे तोंड करून बसवतात. दर वेळी तोल जातो आणि दर वेळी तो सावरावा लागतो. दुडकी चाल मात्र या कामाची नाही; तिच्यात दोनच ठेके असतात आणि माणूस वर-खाली आपटतो. हवी ती संथ चार ठेक्यांची चाल, जी घोड्यासाठी शिकण्याची गोष्टच नाही. घोडा इथे काही चमत्कार करत नाही. तो केवळ चालतो, आणि जिच्यावर हे सगळे अवलंबून आहे ती त्याची चालच आहे. हे कळल्यावर माझी निम्मी शंका गेली.

उरलेली निम्मी मी बोलून दाखवली. नुसते मांड्या फाकवून बसायचे असेल तर घरातला लोड काय वाईट? दिवाणखान्यात दोन आहेत. त्यावर ताईंनी मला २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाविषयी सांगितले. सेरेब्रल पाल्सी असलेली पंधरा मुले घेतली, त्यांतल्या काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले आणि उरलेल्यांना तितकाच वेळ एका पिंपावर, दोन्ही बाजूंना पाय टाकून. स्नायूंची हालचाल आधी आणि नंतर यंत्राने मोजली. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या शरीराच्या डाव्या-उजव्या बाजूंतला असमतोल कमी झाला, पिंपावरच्यांच्या बाबतीत तसे काही विशेष आढळले नाही. तेव्हा लोडाचा प्रश्न निकालात निघाला. तरीही मी मूळचा तपासनीस, त्यामुळे उलट बाजूही शोधली. ऑस्ट्रेलियात ९९ मुलांवर केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतर मुलांच्या एकूण हालचालींत किंवा जीवनमानात घोड्यावर न बसलेल्या मुलांपेक्षा ठळक फरक पडला नाही. ताईंना हा अभ्यास माहीत होता. त्यांचे म्हणणे असे की आठ मिनिटांनी स्नायू सैल होणे ही एक गोष्ट आणि त्या सैलपणाचा उपयोग करून रोजच्या जगण्यातले एखादे काम शिकवणे ही दुसरी. दुसरी गोष्ट घोडा करत नाही, ती थेरपिस्टने आणि घरच्यांनी करायची असते. त्या दिवसापासून घरी परतल्यावर लगेच, पाय अजून मोकळे असतानाच, उभे राहण्याचा सराव घ्यायचा हा आमचा नियम झाला, आणि मिसळीची ठरलेली वेळ त्यामुळे अर्ध्या तासाने पुढे गेली.

युरोपात या विषयाकडे लोकांचे लक्ष वेधले गेले ते एका डॅनिश बाईंमुळे. लिस हार्टेल या घोडेस्वार होत्या. १९४४ साली, गरोदर असताना, त्यांना पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली, पण बाईंचे गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले. घोड्यावर बसवायला आणि उतरवायला माणूस लागायचा, तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 'ज्युबिली' नावाच्या घोडीवर त्यांनी ड्रेसाज या, घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करवून घेण्याच्या प्रकारात वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. या प्रकारात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने उतरू देण्याची ती पहिलीच वेळ होती. पदक देण्याच्या वेळी सुवर्णपदक मिळवलेल्या स्वीडिश स्वाराने त्यांना हाताचा आधार दिला. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्य जिंकले. पुढे १९६०च्या दशकात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये फिजिओथेरपीच्या जोडीला घोडा आला, आणि ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत १९६९ साली या कामासाठी राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. ही हकिकत मी नातवाला सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला : घोडीला पदक मिळाले का? मला उत्तर देता आले नाही.

ज्यांना आपल्या मुलाला न्यायचे असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. आधी डॉक्टर, मग घोडा. आमच्या ताईंनी नातवाच्या खुब्यांचा एक्स-रे पाहिल्याशिवाय त्याला ओट्यावरही चढू दिले नाही, कारण ताठ मांड्यांच्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू जागचा सरकत जाऊ शकतो आणि अशा सांध्याला घोड्यावर फाकवणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यांची मान तपासल्याविना बसवू नये. आकडी आटोक्यात नसेल, पाठीचा कणा फार वाकलेला असेल, किंवा घोड्याच्या केसांनी दमा उसळत असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा. आणि पागेत जाणाऱ्या प्रत्येकाने, आजोबांनीसुद्धा, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण त्याचे जंतू लिदीत आणि लिदीच्या मातीत हमखास असतात. मी सत्तरीत पुन्हा टोचून घेतले.

आता घोडीविषयी. ती काठियावाडी रक्ताची आहे, हे तिच्या आत वळलेल्या, टोकाला टोक भिडणाऱ्या कानांवरून माझ्यासारख्या अनाडी माणसालाही ओळखता येते. मामांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तो घोडेबाजार खानदेशात कोणाला सांगावा लागत नाही. तिथे लोक नाचणारी घोडी शोधतात, रवाल चालीची शोधतात, पंचकल्याणी शोधतात. मामांनी दोन दिवस फिरून जिच्याकडे कोणी पाहत नव्हते अशी चौदा वर्षांची, ठेंगणी, रुंद पाठीची घोडी घेतली. ठेंगणी का, तर बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या कंबरेपर्यंत पोहोचला पाहिजे. वयस्क का, तर जग बघितलेली हवी. घेण्यापूर्वी त्यांनी तिच्यामागे पत्र्याचा डबा आपटला, पोटाखालून छत्री उघडली, आणि मग तासभर काहीच न करता नुसते तिच्याशेजारी उभे राहिले. शेवटची परीक्षा सर्वांत अवघड, असे ते म्हणतात. "नुसतं उभं राहता येत नाही बऱ्याच घोड्यांना. माणसांनाबी."

तिच्या कामाचे तास मामा ठरवतात आणि त्यात ताईंचेही चालत नाही. सकाळच्या वेळात तीन मुले, त्यांच्या मध्ये विश्रांती, आठवड्यातून दोन दिवस मोकळे चरणे. पाठीवरचे वजन जनावराच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक होऊ द्यायचे नाही हा जाणकारांचा ठोकताळा आहे, पण मुलांच्या बाबतीत प्रश्न वजनाचा नसून तोलाचा असतो. एका बाजूला सतत कललेले मूल घोडीची पाठ दुखवते. तिने कान मागे पाडले, शेपूट झटकली किंवा पोटाकडे वळून पाहिले की मामा बैठक थांबवतात, मग पालकांनी पैसे भरलेले असोत वा नसोत. लहानपणी आम्हाला एक कोडे घालत असत : भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. मी ते मामांना ऐकवले. त्यांनी मान डोलावली आणि नातवाच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यात चौथं घाला."

मन आणि घोडा यांचा संबंध मात्र मी फार उशिरा मान्य केला, आणि तोही स्वतःवर आल्यावर. एका रविवारी बाजूने चालणारा मुलगा आला नाही, म्हणून ताईंनी मला घोडी धरायला सांगितले. मुलाच्या बाजूला स्वतः मामा राहिले. येताना गाडीत आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून फोनवर कडाक्याचे भांडण झाले होते. मी ते कोणाला सांगितले नव्हते, चेहराही हसरा ठेवला होता. घोडी चार पावले चालली आणि थांबली. ओढले, तर मान वर केली. मामांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "बाबा, कुणाशी भांडून आलात?" मी दोर त्यांच्या हाती दिला. तो त्यांनी परत माझ्याच हाती ठेवला आणि म्हणाले की आधी श्वास सोडा, खांदे खाली करा, तिच्या तोंडाकडे बघू नका, जायचे तिकडे बघा. सगळे केले. दुसऱ्या प्रयत्नात ती चालली. नातू वरून हे सगळे पाहत होता. त्याच दिवशी त्याने, मला आठवते आहे, मोठ्या आवाजात जाहीर केले की आबांच्या डोक्यावर मधोमध केस नाहीत. रोज तो चाकाच्या खुर्चीतून आमच्या हनुवट्या पाहत असतो. त्या उंचीवरून त्याला आमचे टक्कल प्रथमच दिसले आणि त्याचा त्याला जो आनंद झाला, तो कुठल्या तक्त्यात मांडायचा हे ताईंनाही सुचले नाही.

घोडीने माझा राग ओळखला, असे म्हणायला माझ्यातला तपासनीस तयार नव्हता. मग वाचनात आले की हे आधीच तपासले गेले आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी काही माणसांना घोडे धरून किंवा घोड्यावर बसून एका ठरलेल्या वाटेने चार फेऱ्या मारायला सांगितल्या. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आले की या वेळी घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि, छत्रीविषयी काहीच ठाऊक नसलेल्या घोड्यांचेही वाढले. त्याआधी शंभर वर्षे, बर्लिनमध्ये क्लेव्हर हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवत असे आणि विद्वानांची समितीही त्याच्यापुढे चकित झाली होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात जो सूक्ष्म बदल होई, तो पाहून घोडा खूर थांबवत होता. लोकांनी यातून घोड्याला गणित येत नाही एवढाच बोध घेतला. मला तर वाटते की गणित येण्यापेक्षा हे कौशल्य कितीतरी मोठे आहे.

याचे कारण घोड्याच्या भित्रेपणात आहे. तो शिकार होणारा प्राणी. कळपात राहून, शेजाऱ्याच्या अंगातला ताण ओळखून, पळून जीव वाचवणे हीच त्याची रीत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते. दिसत नाही ते नेमके कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे. म्हणूनच मुलांना घोडीच्या खांद्याकडून यायला शिकवतात. निवांत उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीसच पडतात. छातीला कान लावला तर दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू येते. नातू तो कान लावण्याचा कार्यक्रम दर आठवड्याला करतो.

आमच्यानंतरच्या वेळेला एक अकरा वर्षांचा मुलगा येतो. तो स्वमग्न आहे, घोडीवर क्वचितच बसतो. तो खरारा करतो, एकाच दिशेने, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, आणि मध्ये कोणी बोललेले त्याला खपत नाही. पहिले चार महिने तो एवढेच करत होता. आता तो मामांना 'पाणी' आणि 'बस' असे दोन शब्द म्हणतो, आणि त्याची आई ते शब्द मोजते. मोजणारा मी एकटाच नाही. अमेरिकेत स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहा ते सोळा वयाच्या १२७ मुलांपैकी काहींनी दहा आठवडे घोडेस्वारी केली, तर बाकीच्यांना त्याच आवारात, पण घोड्याला हात न लावता, घोड्यांविषयी शिकवले गेले. स्वारी केलेल्यांची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, त्यांचे बोलणेही वाढले. हा पुरावा मला भक्कम वाटतो. नैराश्य, धक्का, शोक यांसाठी घोड्याच्या सहवासाचे जे दावे केले जातात, ते मी अजून हातचा राखून ऐकतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञ सोबत असेल तर घोडा उत्तम साथीदार, आणि नसेल तर तो एक सुखद सकाळ देतो. सुखद सकाळीला मी कमी लेखत नाही, फक्त तिला उपचार म्हणून तिचे पैसे घेऊ नयेत.

घोडा आणि वैद्यक यांची सांगड आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. देवांचे वैद्य अश्विनीकुमार हे घोडीच्या रूपातल्या संज्ञेचे पुत्र मानले जातात आणि ऋग्वेदाच्या पहिल्याच मंडलात त्यांनी लढाईत पाय गमावलेल्या विश्पलेला लोखंडी पाय बसवून चालते केल्याचा उल्लेख आहे. यावरून आपल्याकडे हिप्पोथेरपी होतीच, अशी पोस्ट आमच्या निवृत्तांच्या गटात कोणीतरी टाकेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो की त्याचा असा अर्थ निघत नाही. मला ती कथा आवडते, इतकेच.

नाशिकमध्ये घोडे नाहीत असे नाही. भोसला सैनिकी शाळेत आहेत, पोलीस अकादमीत आहेत, वरातींना लागणारे आहेत, कुंभमेळ्यात आखाड्यांच्या मिरवणुकांत दिसतात. १८८९ साली सुरू झालेली आमच्या गावची ट्रामसुद्धा आधी घोडेच ओढत. पण उपचाराचा घोडा वेगळा घडवावा लागतो, आणि इथेच घोडे पेंड खाते. एका मुलामागे चार प्रशिक्षित माणसे, दाणावैरण, नालबंद, पशुवैद्य, पावसाळ्यात चिखलामुळे बुडणारे महिने. आमची पागा चालते ती मागे द्राक्षबाग आहे म्हणून. ज्या वर्षी फळ धरण्यासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, त्या वर्षी मालकांनी दोन जनावरे विकायला काढली होती. ती विकली गेली नाहीत, हे त्या मुलांचे नशीब.

नातवाच्या वहीत आज काय आहे, हे लिहिल्याशिवाय ही नोंद अपुरी राहील. तो चालू लागलेला नाही. पहिल्या महिन्यात पाठीला टेकू न देता स्टुलावर तो ४० सेकंद बसत असे, आता सहा मिनिटे बसतो. जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये वॉकर धरून १५ पावले टाकायचा, त्याची ६२ झाली आहेत. मधल्या काळात मांड्यांत स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनेही झाली आणि घरचा सराव वाढला, त्यामुळे ही सगळी जमा घोडीच्या खात्यावर मांडता येत नाही. मात्र शनिवारी रात्री स्प्लिंट बांधताना तो आता रडत नाही, कारण दुसऱ्या दिवशी रविवार असतो. हे एक कलम मी निःशंकपणे तिच्या नावावर टाकले आहे.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा घोडी पुढचा उजवा पाय टेकत नव्हती. खुरात पू झाला होता. नालबंदाने तळवा खरवडून वाट करून दिली होती आणि मामा मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या घमेल्यात तिचा पाय धरून बसले होते. परत फिरावे असे मी म्हणत होतो. नातवाने ऐकले नाही. त्याला कठड्याजवळ उभे केले, एका हाताने त्याने आडवा बांबू धरला, दुसऱ्या हातात खरारा घेतला आणि घोडीच्या खांद्यावरून तो खाली ओढू लागला. ती मान खाली घालून स्थिर उभी राहिली. ताई घड्याळ लावून शेजारी थांबल्या होत्या, हात पुढे, पण त्याला न लावता. तो अकरा मिनिटे उभा होता. मी वहीत तेवढे लिहिले आणि कंसात 'बसला नाही' असे घातले. पुढच्या रविवारीही तिच्यावर बसायचे नाही, असे मामांनी बजावले आहे. गाजरे तेवढी आणायला सांगितली आहेत.